उपाशी देहाचा ताळेबंद

दिवसाअखेर रोखपालाच्या रोकडीत शंभर रुपयांचा फरक निघाला, तर कोणताही जाणता शाखाधिकारी त्याच्यावर थेट चोरीचा आरोप करीत नाही. आधी व्हाउचरे पुन्हा मोजली जातात, बेरजा तपासल्या जातात, एखादी नोंद भलत्याच खात्यात गेली आहे काय हे पाहिले जाते. शरीराच्या जमाखर्चात फरक निघाला की मात्र आपल्याकडे नेमके उलट घडते. अत्यल्प खाऊनही ज्या व्यक्तीचे वजन उतरत नाही, तिच्या प्रामाणिकपणावरच पहिला संशय घेतला जातो. ‘चोरून खात असणार’ असे घरचे म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही’ असे सहकारी म्हणतात, आणि कालांतराने ती व्यक्तीही स्वतःविषयी तेच मानू लागते.

यापुढचा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ताटातील तीन पोळ्यांच्या दोन होतात, मग एक होते. भात बंद होतो. रात्रीच्या जेवणाची जागा काकडी-गाजराची बशी घेते. पहिल्या पंधरवड्यात वजन तीन किलोंनी उतरते आणि कौतुकाचा वर्षाव होतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून मात्र काटा एका आकड्यावर खिळून बसतो. मग उरलेली पोळीही अर्धी होते. दुपारी तीन वाजता खातेदाराची सही पडताळताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात, स्वभाव चिडखोर होतो, आणि वजनाचा आकडा तोच राहतो. शिस्त वाढवूनही फळ मिळेनासे झाले की माणूस दोनच निष्कर्ष काढतो. एक तर आपले शरीर जगावेगळे आहे, किंवा आपण अजूनही पुरेसे कमी खात नाही. पहिला निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो; दुसरा चुकीचा तर असतोच, शिवाय घातकही असतो.

या कोंडीवर व्यायामशाळांतून आणि आहारविषयक शिबिरांतून एक तयार उत्तर दिले जाते. शरीर उपासमारीच्या पवित्र्यात गेले आहे, ते आता चरबी सोडणारच नाही, तेव्हा अधिक खा म्हणजे वजन आपोआप उतरेल, असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला दिलासा देणारे हे उत्तर अर्धे खरे आहे. अर्धसत्याची अडचण अशी की, त्यावर विसंबून घेतलेला निर्णय एखाद्या वेळी लागू पडतो आणि चार वेळा फसतो. खर्चापेक्षा जमा कमी असेल तर शिल्लक घटलीच पाहिजे, हा नियम देहालाही चुकलेला नाही. मात्र खर्चाचा आणि जमेचा जो आकडा आपण गृहीत धरून बसतो, तो खरा असेलच असे नाही. सारा घोटाळा तेथे आहे.

खर्चाच्या बाजूविषयी आजवरचा सर्वांत बोलका पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात गोळा झाला. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपीय जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शास्त्रीय रीतीने कळावे, म्हणून अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग आरंभिला. हे सर्व जण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते. पहिले बारा आठवडे त्यांना दररोज सुमारे ३,२०० उष्मांकांचे भरपूर अन्न मिळाले. त्यानंतरचे चोवीस आठवडे मात्र सरासरी १,५७० उष्मांकांवर काढावे लागले, तेही बटाटे, सलगम, काळा पाव आणि मॅकरोनी अशा मोजक्या जिनसांवर. दर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या १,५७० उष्मांकांना इतिहासाने उपासमार म्हणून नोंदविले, त्याहून कितीतरी कमी आकडा आजच्या अनेक ‘आहार तक्त्यां’वर बिनदिक्कत छापलेला असतो. ते तरुण पुरुष होते आणि भरपूर चालत होते, हे खरे. तरीही तुलना विचारात पाडणारी आहे.

त्या तरुणांच्या वजनात सुमारे एक चतुर्थांश घट झाली. म्हणजे कमी खाल्ल्याने वजन उतरतच नाही, हे म्हणणे त्याच दिवशी खोटे ठरले. परंतु ही घट सरळ रेषेत झाली नाही. प्रारंभी ती वेगाने झाली आणि शेवटच्या आठवड्यांत अगदी मंदावली, कारण दरम्यान शरीराने आपला खर्च आवरता घेतला होता. विश्रांतीच्या अवस्थेत देह जी ऊर्जा वापरतो, ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. यातील मोठा भाग शरीरच लहान झाल्याने घटला होता, पण सर्व नव्हे. उरलेल्या पेशींनीही काटकसर सुरू केली होती. नाडी मंदावली, ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, जिने चढणे नकोसे झाले. अनेकांच्या घोट्यांवर सूज आली, म्हणजे चरबी गेली त्या प्रमाणात वजन गेले नाही, कारण तिच्या जागी पाणी साठले. मनावर झालेला परिणाम तर अधिकच विलक्षण होता. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले; घास तासभर चघळत बसू लागले; ताट चाटून पुसू लागले. काहींनी चोरून खाल्ले. तत्त्वासाठी तुरुंगाचीही तयारी ठेवणाऱ्या तरुणांची ही अवस्था झाली असेल, तर सकाळी सहाला उठून दोन डबे भरून लोकल गाठणाऱ्या माणसाला ‘मनोनिग्रह नाही’ म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

प्रयोग संपल्यानंतरचा भाग सहसा सांगितला जात नाही. मोकळेपणाने खायला मिळू लागताच त्यांची चरबी पूर्वीच्या पातळीच्याही पुढे गेली, आणि स्नायू मात्र अजून पुरते भरून आले नव्हते. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सारा तपशील १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. काटकसरीच्या काळात जे गमावले तेच परत मिळाले असे नाही, ही नोंद पुढे कामास येईल.

देहाच्या या काटकसरीला पुढे वारंवार दुजोरा मिळाला. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हिर्श यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, वजन दहा टक्क्यांनी उतरविलेल्या व्यक्तीचा ऊर्जाखर्च नव्या वजनावरून अपेक्षित असेल त्याहूनही खाली येतो. २०१६ मध्ये याचे टोकाचे रूप समोर आले. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील वजन घटविण्याच्या एका गाजलेल्या स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन उतरविले होते; त्यांतील ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीतील खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच होता. दररोज तासन्‌तास व्यायाम आणि तुटपुंजा आहार ही त्या स्पर्धेची रीत होती. सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत घट एवढी मोठी नसते. पण दिशा तीच असते.

खर्चाच्या बाजूस आणखी एक रक्कम असते, आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही. उठणे-बसणे, येरझाऱ्या घालणे, बोलताना हातवारे करणे, पाय हलविणे अशा क्षुल्लक हालचालींवरही ऊर्जा खर्च होते. पोट रिकामे असले की माणूस नकळत या हालचाली आखडतो. पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट बोलावतो, पाण्याचा पेला जागेवर मागवितो, घरी गेल्यावर सोफ्यावरून उठत नाही. हे आळसातून घडत नाही. वरूनच काटकसरीचे परिपत्रक निघालेले असते. बँकांमध्ये तर ही हालचाल आधीच बरीच उरलेली नाही. जाडजूड लेजरे कपाटातून काढणे, ती या मेजावरून त्या मेजावर नेणे, रोज नित्यनेमाने ‘बॅलन्सिंग’साठी उभे राहणे हा जुन्या पिढीचा व्यायामच होता. संगणकीकरणाने काम सुकर केले, त्याबरोबर देहाचा हा नकळत होणारा खर्चही वाचविला. त्या बचतीचे व्याज कमरेवर जमा होते, एवढेच.

आता जमेची बाजू पाहू. हा भाग नाजूक आहे, कारण येथे चोरीचा आरोप आणि चुकीची नोंद यांतील भेद सांभाळावा लागतो. १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयातील संशोधकांनी ‘बाराशे उष्मांकांहून कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा व्यक्तींच्या ऊर्जेचे अत्यंत काटेकोर मापन केले. त्यांची चयापचयाची गती व्यवस्थित निघाली. आपण दररोज सुमारे एक हजार उष्मांक घेतो असे ते सांगत. प्रत्यक्षात सुमारे दोन हजार पोटात जात होते. व्यायामाचा हिशोबही जवळपास दीडपटीने फुगलेला होता. ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपण कमी खातो असे त्यांना मनापासून वाटत होते. आहारतज्ज्ञांचेही अंदाज या बाबतीत चुकतात, मग इतरांची काय कथा!

आपल्या घरांत या नोंदी कोठे सुटतात, हे शोधण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. चहा कोणी अन्नात धरीत नाही. परंतु दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, म्हणजे चाळीस उष्मांक. त्यात अर्धी वाटी दुधाचे पस्तीस मिळवले की एका कपाचे पाऊणशे होतात. कार्यालयात दिवसाकाठी चार कप ही काही उधळपट्टी मानली जात नाही, पण तेथेच तीनशेची नोंद राहून जाते. फोडणीचे एक मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेहून अधिक उष्मांक. भाजी ‘साधीच’ असते, तेल मात्र मोजलेले नसते. उपवासाची तर गोष्टच वेगळी. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्यांचे कूट आणि चमचाभर तूप यांची खिचडी पावणेपाचशे उष्मांकांपर्यंत सहज पोचते. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण यांहून हा आकडा कमी नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याला उष्मांक ठाऊक नसले तरी हिशोब ठाऊक होता. आणि घरातील बाईच्या खात्यावर एक नोंद तर कधीच चढत नाही. मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात टाकवत नाही, म्हणून तिच्याच पोटात जातो. ते ‘जेवण’ नसतेच. ते अन्न वाया न घालविण्याचे कर्तव्य असते. तिला ‘तू चोरून खातेस’ असे म्हणणाऱ्यांनी पातेले एकदा स्वतः रिकामे करून पाहावे.

दोन्ही बाजू समोर ठेवून एक ताळमेळ पत्रक मांडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, आकडे ढोबळ आहेत. पण अशा प्रकरणांत सामान्यतः जे आढळते त्याच्याशी ते मिळतेजुळते आहेत. पंचेचाळीस वर्षांची, बैठ्या कामाची, ७२ किलो वजनाची एक महिला अधिकारी आहे असे समजू. तिचा दैनिक खर्च सुमारे १,८०० उष्मांक. ती ठरविते की नऊशेच खायचे. दररोज नऊशेची तूट, आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक. म्हणजे कागदावर महिन्याला साडेतीन किलो उतरले पाहिजेत. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरतातही, परंतु त्यातील बराच भाग यकृत व स्नायूंतील साखरेच्या साठ्याचा आणि त्या साठ्याच्या तिप्पट वजनाने त्याला चिकटून असलेल्या पाण्याचा असतो. तेथेच तिची अपेक्षा चुकीच्या आकड्यावर बेतली जाते.

दोन-अडीच महिन्यांनी वजन ६६ किलोंवर आले. शरीर लहान झाल्याने खर्च नव्वदने घटून १,७१० झाला. देहाच्या काटकसरीने आणखी शंभर-सव्वाशे कमी केले. तो १,६०० झाला. आखडलेल्या हालचालींनी दीडशे नेले. उरला १,४५० उष्मांक. जमेच्या बाजूस नऊशे लिहिलेले आहेत, पण चार कप चहाचे तीनशे आणि पातेल्यातले शंभर मिळून प्रत्यक्षात तेराशे जात आहेत. नऊशेच्या तुटीची आता दीडशे झाली. महिन्याला जेमतेम अर्धा किलो. मीठ थोडे अधिक झाले, मासिक पाळीचा काळ आला, झोप कमी झाली की शरीरातील पाणी एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. त्या लाटांखाली हा अर्धा किलो दिसणार कसा? बाई रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि तिला एकच उत्तर मिळते, की काहीही बदललेले नाही. चरबी उतरत होती, पण तिला ते कळण्याची सोय नव्हती. तिचे शरीर जगावेगळे नव्हते, आणि तिने चोरीही केली नव्हती. तिच्या पत्रकातील चार-पाच लहान नोंदी राहून गेल्या होत्या, इतकेच.

अशा वेळी ताट आणखी रिकामे करण्याचा सल्ला मिळतो, आणि नुकसान तेथून सुरू होते. भारतीय देहाच्या बाबतीत ते अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून दोघेही अगदी सारखे होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त आणि स्नायूंनी कमकुवत अशी ही आपली ठेवण आहे. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच तुटपुंजी, त्याने उपासमार करून तीच आणखी खर्ची घालावी, हा व्यवहार कोणत्याही हिशोबनिसाला मान्य होणार नाही. वजन उतरते तेव्हा साधारणपणे चौथा हिस्सा चरबीखेरीज अन्य पेशींचा असतो. प्रथिने अपुरी आणि व्यायाम शून्य असेल, तर तो वाढतो. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला १३ उष्मांकांच्या आसपासच जाळतो, तेव्हा स्नायू वाढवून बसल्या बसल्या चरबी वितळविण्याच्या जाहिरातींत फारसा अर्थ नाही. स्नायूंचे खरे मोल निराळे आहे. रक्तातील साखर सामावून घेणे, म्हातारपणी जमिनीवरून स्वतःचे स्वतः उठता येणे, पडल्यास हाड न मोडणे या गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. आणि मिनेसोटाच्या तरुणांप्रमाणे गेलेले वजन परत आले, तर ते आधी चरबीच्या रूपाने येते.

याखेरीज २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आहे. अशा समाजात स्त्रियांनी अन्न आणखी कमी करण्याला ‘फॅशन’ म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. अतिवेगाने वजन उतरविल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, पाळी अनियमित होते, केस गळतात. मधुमेहासाठी इन्सुलिन वा काही ठराविक गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यांना न विचारता जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने दररोज सुमारे साडेआठशे उष्मांकांवरच ठेवण्यात आले, आणि वर्षभराने त्यांतील ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. मग कमी खाणे वाईट कसे? उत्तर देखरेखीत आहे. त्या रुग्णांना प्रथिने व जीवनसत्त्वे मोजून घातलेले पेय दिले जात होते, औषधे वैद्यांनी बदलली होती, आणि पुन्हा अन्नावर आणण्याचा कार्यक्रम आधीच आखलेला होता. तारण, तपासणी आणि परतफेडीचे वेळापत्रक असलेले कर्ज आणि सावकाराकडून उचललेली रक्कम या दोन्हींना कर्जच म्हणतात. पण त्यांना एका मापाने कोणी मोजत नाही. २०२५ पासून भारतात वजन घटविण्याची जी नवी इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत, त्यांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. भूक मारली गेल्याने उपासमार जाणवत नाही, म्हणून प्रथिनांकडे आणि स्नायूंकडे अधिकच लक्ष पुरवावे लागते.

कार्यालये, गृहनिर्माण संस्था आणि मंडळे यांतून ‘एका महिन्यात सर्वाधिक वजन घटविणाऱ्यास पारितोषिक’ अशा स्पर्धा भरविल्या जातात. हेतू चांगला असेल. रचना मात्र सदोष आहे. पाणी आणि स्नायू सर्वांत लवकर गमावतो, तोच अशा स्पर्धेत जिंकतो. पारितोषिक द्यायचेच असेल तर कमरेचा घेर, न थांबता चढलेले जिने किंवा वर्षाअखेर टिकलेले वजन यांना द्यावे. आणि जेवणाच्या सुटीत दुसऱ्याच्या डब्यात डोकावून शेरे मारण्याची जी प्रथा आपल्याकडे आपुलकी म्हणून खपते, ती बंद झाली तर स्पर्धेहूनही अधिक लाभ होईल.

आपल्या त्या कल्पित अधिकारी बाईने काय करावे? आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्यावी. चालू असलेल्या औषधांनी वजन वाढते काय, हे वैद्यांना विचारावे. मग दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करावी. चहा, तेल आणि पातेल्यातील भातासकट सर्व काही लिहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठ्या कामाच्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी १,६६० उष्मांकांची गरज सांगितली आहे. त्या मानाने नऊशेचा आग्रह सोडून चौदाशेच्या आसपास स्थिरावणे तिला सोसणारे आहे. बदलीच्या गावी, परक्या खानावळीत राहणाऱ्यांना तर याहून काटेकोर हिशोब जमणारही नाही, आणि त्याची गरजही नाही. साखर अर्ध्यावर आणून वाचलेले उष्मांक वरण, उसळ, दही, ताक, अंडे वा मासळी यांवर खर्चावेत. प्रथिने पचविण्यातच त्यांच्यातील वीस ते तीस टक्के ऊर्जा खर्च होते आणि भूकही अधिक वेळ शमते. रोज अर्धा तास चालावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा उठबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. मध्ये पंधरा दिवस तूट न ठेवता पोटभर, पण मोजून जेवण्याचा विसावा घेण्यासही हरकत नाही. ऑस्ट्रेलियात ५१ पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात असा आलटून-पालटून घेतलेला विसावा लाभदायक ठरला होता. नंतरच्या सर्वच प्रयोगांत तसा फरक आढळला नाही, परंतु विसाव्याने तोटा झाल्याचेही दिसलेले नाही, आणि मनाला उसंत मिळते ती वेगळीच.

या व्यवस्थेत तिचे प्रत्यक्ष खाणे तेराशेवरून चौदाशेवर जाते, म्हणजे वाढतेच. पण अंगात त्राण आल्याने हालचाल परत येते, खर्च पुन्हा सतराशेच्या घरात जातो आणि महिन्याला सव्वा किलोच्या आसपास उतरण्याची वाट मोकळी होते. मात्र एका गोष्टीची तिला आणि तिच्या घरच्यांनाही आगाऊ सूचना दिलेली बरी. जेवण नीट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा अर्धा ते एक किलो वर सरकेल. साखरेचा रिता झालेला साठा आणि त्याबरोबरचे पाणी परत येते, त्याचे ते वजन असते; चरबीचे नसते. बहुतेक जण याच आठवड्यात घाबरून पुन्हा काकडीच्या बशीकडे वळतात. तेव्हा पहिले चार आठवडे रोजचा आकडा केवळ वहीत लिहावा, त्यावरून काही ठरवू नये. पहिल्या आठवड्याची सरासरी पाचव्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी, आणि तोवर दुसरी पोळी ताटातच राहू द्यावी.